चढायला सोपे डोंगर

फाल्गुनातल्या तापलेल्या धुळीला एक करपट, कोरडा वास असतो. त्यात मोटारीच्या पेट्रोलचा दर्प मिसळला की तो घशात जाऊन बसतो आणि घरी येऊन अंघोळ केली तरी संध्याकाळपर्यंत हटत नाही. असल्या वासाची आठवण कोण काढतं, असं तुम्ही विचाराल. मी काढतो. निजामाच्या राज्यात औरंगाबादेहून बीडकडे सरकारी मोटार धावू लागली त्या वर्षांत मी कचेरीत कारकून होतो, आणि शुक्रवारची सुट्टी जवळ आली की मला डोंगरांचे वेध लागत.

डोंगर म्हणजे आपले बेताचेच. मोटारीतून उतरल्यावर फार चालावं लागू नये, चढ मंद असावा, वाटेत पाणी असावं आणि कधी डोंगर न चढलेल्या, लुगडं नेसलेल्या बाईला दगडांवरून उड्या माराव्या लागू नयेत, एवढीच माझी अट. नारायणगडाची चढण कशी आहे, मांजरसुंब्याला उतरलं तर वर पाऊलवाट जाते का, परतीची मोटार केव्हा, हे मी ड्रायव्हरपासून बाजारकऱ्यापर्यंत ज्याला त्याला विचारत सुटलो होतो. इतकी चौकशी मी स्वतःच्या लग्नाच्या वेळीही केली नव्हती.

हा सारा खटाटोप माझ्या पत्नीसाठी, यमुनेसाठी होता. आमच्या लग्नात मानपानावरून दोन्ही घरांचं बिनसलं आणि सुनेने पुन्हा माहेरी पाऊल ठेवायचं नाही, असं माझ्या वडिलांनी ठरवून टाकलं. त्याला सहा वर्षं झाली होती. तिची आई अंथरुणाला खिळल्याचं तिच्या गावचा एक बाजारकरी सांगून गेला, तेव्हा ती रडली नाही की भांडली नाही. रात्रीची भांडी आवरता आवरता एवढंच म्हणाली, "एखाद्या डोंगरावून आमचं गाव दिसंल का हो? नुसतं दिसलं तरी लई झालं." असं मागणं ऐकून कुणाचं काळीज हललं नसतं? माझंही हललं, आणि मी डोंगर शोधू लागलो.

शेवटी मांजरसुंब्याचा डोंगर ठरला. बीडला एका स्नेह्याकडे मुक्काम करून सकाळी आम्ही तिथे उतरलो. यमुना दर पन्नास पावलांवर थांबे, गुडघ्यावर हात टेकून श्वास घेई आणि मी काही बोलायच्या आत पुन्हा निघे. माथ्यावर एक म्हातारा शेळ्या राखत बसला होता. तलवाड्याच्या वाटेवरचं आपलं गाव इथून कुठे दिसतं, म्हणून तिने त्याला विचारलं. म्हातारा उठून उभा राहिला, उत्तरेकडे हात करून म्हणाला, "त्या अंगाला. पन हितून न्हाई दिसायचं बाई. लई लांब हाय."

तरीही ती डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून कितीतरी वेळ तिकडे पाहत राहिली. खाली उन्हाने विटलेली शेतं, त्यांच्यापलीकडे धुरकट पांढुरका आभास, आणि त्या आभासापलीकडे कुठेतरी तिची आई. पुढच्या खेपेला नारायणगडावर जाऊ, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. उगं कशापायी दमायचं?"

आता जे सांगायचं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा आमची मोटार इंजिनात पाणी घालायला गेवराईजवळच्या एका फाट्यावर थांबली होती. तिथून एक गाडीवाट फुटे, आणि त्या वाटेने दोन कोसांवर यमुनेचं माहेर होतं. तिथे भाड्याच्या बैलगाड्याही उभ्या असत. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. परतताना ती त्या वाटेकडे तोंड करून बसली होती. आणि मी, वडिलांपुढे सहा वर्षांत एक शब्द न काढलेला माणूस, तिच्याशेजारी बसून नारायणगडाहून परतायच्या मोटारीचा हिशेब करत होतो. उतरू या, असं ती म्हणाली नाही. मीही म्हणालो नाही. ड्रायव्हरने झाकण लावलं आणि मोटार निघाली.

आठ दिवसांनी तिची आई गेल्याचा निरोप आला. त्यानंतर यमुनेने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

सोपा डोंगर कुठला, म्हणून लोक अजूनही मला विचारायला येतात आणि मी त्यांना सगळं नीट सांगतो. त्या फाट्यावर उतरायला मोटारीची एकच पायरी होती.