सासूबाईंसमोर निवडलेलं रिव्हॉल्व्हर

परवान्याच्या अर्जावर नाव कोणाचं घालायचं, इथूनच आमच्या घरात तोंडातोंडी सुरू झाली. नवरा म्हणाला, माझं. आप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, त्याचंच. मी म्हणाले, माझं.

"बाईना नावे बंदूक?" आप्पांनी विचारलं. "लोके हासतीन."

"हसू द्या. मळ्यावर कोण राहतं ते आधी सांगा."

नवऱ्याचं ठिबक बसवून द्यायचं काम, आठवड्यातले चार दिवस तो गुजरातेत. आप्पा दिवसभर मळ्यावर असतात, पण झोपायला गावातल्या घरी जातात, कारण घर रिकामं ठेवायला नको. म्हणजे मळ्यावर उरलो मी आणि सासूबाई. हत्याराचा परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. ज्याच्या नावावर, त्याच्याच हातात. नवऱ्याच्या नावाने घेतलं असतं तर ते चार दिवस कपाटात कुलूपबंद पडून राहिलं असतं आणि आम्ही दोघी त्या कपाटाकडे बघत बसलो असतो.

मळा सोडून गावात का राहत नाही, असं लोक विचारतात. तर माझी रोपवाटिका आहे. प्रयोगशाळेतून बोटाएवढी केळीची रोपं येतात, ती मी शेडनेटखाली दोन महिने वाढवते आणि मग तापीकाठच्या शेतकऱ्यांना देते. उन्हाळ्यात धुक्यासारखं पाणी फवारणारे फॉगर दोन तास बंद राहिले तरी रोपं माना टाकतात. हे काम फोनवरून होत नाही. माझे वडील पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. माहेर आणि सासर, दोन्हीकडे मिळून पहिली पदवी माझी, लोणखेड्याच्या कॉलेजातली. पदवीचा फोटो मी बैठकीत लावला आहे आणि पाहुण्याचं लक्ष गेलं नाही तर मी तो दाखवते. त्या शिक्षणातून उभी राहिलेली रोपवाटिका ही एकच गोष्ट आहे आणि ती उचलून गावातल्या गल्लीत नेता येत नाही.

पण त्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीची वायर दोनदा चोरीला गेली. वायर काय, सगळ्यांचीच जाते. दुसऱ्या वेळी मात्र सासूबाईंचा नागलीच्या पापडांचा डबाही गेला. सासूबाईंनी पोलिसांच्याही आधी तपास लावला. वायर विहिरीवर होती, डबा पडवीत होता. म्हणजे चोर पडवीपर्यंत आले होते.

"अठे आते ऱ्हावानं नही," त्या म्हणाल्या. "दिवाळी व्हयनी का गावमा जासूत."

सासूबाईंचं 'जासूत' म्हणजे ठरलं. मी कुत्रा पाळून पाहिला, तो येईल त्याच्यापुढे पोट वर करून लोळायचा. दिवे लावले, कॅमेरा लावला. सासूबाई म्हणाल्या, कॅमेरा चोराचा फोटो काढेल, चोराला हाकलणार कोण? तेव्हा मी परवान्याची गोष्ट काढली. त्यांनी एकच अट घातली. घेण्याआधी मला चालवून दाखव. माझं मन मानलं तर राहू, नाहीतर दिवाळीनंतर गाव.

मग कागद. अर्ज, डॉक्टरचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण, त्याचं वेगळं प्रमाणपत्र. ते प्रशिक्षण मी हवेच्या पिस्तुलावर घेतलं आणि नेम बरा निघाला. चौकशीला पोलीसदादा आले, त्यांनी शेजारच्या मळेवाल्याला माझी वागणूक विचारली. त्या भल्या माणसाने माझी तोंडभर स्तुती केली आणि ते गेल्यावर धावत येऊन मला विचारलं, "वहिनी, काय केलं तुम्ही?" परवाना देणाऱ्या साहेबांपुढे मुलाखत झाली. कशाला हवं, म्हणाले. मी मळा, वायर, पापड, सगळं सांगितलं. पापडांवर ते हसले, पण लिहून घेतलं. पावसाळा संपता संपता परवाना हातात आला.

नियम मी घरी वाचून दाखवले. निवडणूक लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागू शकतं, हेही सांगितलं.

"मंग चोर काय येडा शेतस?" सासूबाई म्हणाल्या. "निवडणूक देखीनच येतीन."

आता निवड. न बघता बैल घ्यायचा नाही हे आप्पांचं तत्त्व, आणि या बाबतीत ते मला पटलेलं. नेमबाजीच्या ज्या रेंजवर प्रशिक्षण झालं, तिथल्या उस्तादांना फोन केला. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, बोलणं मोजकं. या, म्हणाले, तीन प्रकार इथे आहेत, तिन्ही चालवून बघा, मग दुकानात जा. रेंज दुसऱ्या जिल्ह्यात, अडीच तासांच्या वाटेवर. मी एकटी जाणार होते. सकाळी बघते तर आप्पा पांढरी टोपी घालून गाडीत पुढे बसलेले, सासूबाई कळण्याच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून मागे, नवरा स्टिअरिंगवर. मुलगी बघायला निघाल्यासारखे आम्ही निघालो.

उस्तादांनी टेबलावर तिन्ही मांडून ठेवली होती, तिन्ही रिकामी आणि उघडी. एक छोटंसं, अगदी हलकं रिव्हॉल्व्हर. एक चपटं बत्तीस बोअरचं पिस्तूल. आणि एक त्याच बोअरचं पोलादी रिव्हॉल्व्हर, जाडजूड, बघूनच मनगट दुखावं असं. आप्पांनी आणि नवऱ्याने एकाच वेळी छोट्यावर बोट ठेवलं.

"हाई. बाईना हातले हलकं पाहिजे."

माझ्या वहीत मी महिनाभर वाचून तक्ता केला होता. त्यात पिस्तुलापुढे खूण होती. चपटं, गोळ्या जास्त, नवी पद्धत. पोलादी रिव्हॉल्व्हरपुढे मी लिहिलं होतं, 'जुनाट, नको.' शिकलेल्या माणसाला वही असली की फार आधार वाटतो.

घरच्यांचा मान म्हणून आधी छोटं चालवलं. कानांवर आवाज अडवणारे इअरमफ चढवले, नळी समोर, बोट चापाबाहेर, मग श्वास, मग चाप. पहिल्याच गोळीला ते हातात असं उसळलं की दुसरी गोळी कागदावर गेलीच नाही, मागच्या मातीच्या बांधात गेली. अंगठ्याच्या मुळाशी झणझणलं. पाच गोळ्यांत दोन कागदावर.

मागून आप्पा एकदम ओरडले, "रिकामी गाडी शे हाई! भरेल गाडी कधी अशी उसळस का?"

उस्तादांनी मान डोलावली. "बरोबर बोललात बाबा. उसाने भरलेली गाडी खड्ड्यातही बसून चालते. धक्का गोळीचा असतो, तो सोसायला हत्याराला वजन लागतं. बाईसाठी हलकं, असं लोक समजतात आणि फसतात."

पाच मिनिटांपूर्वी तेच हत्यार आपण निवडलं होतं, हे आप्पा साफ विसरले आणि दिवसभर उस्तादांच्या बरोबरीने मान डोलावत राहिले.

मग पिस्तूल. काय सांगू, लोण्यासारखं चाललं. चाप हलका, बोट टेकवलं की गोळी सुटलेली. दहाच्या दहा कागदावर, त्यातही सात मधल्या काळ्या गोलात. नवऱ्याने टाळी वाजवली. "आते मी घर येवाना पहिले फोन करसू," म्हणाला. मी वहीत खुणेवर दुसरी खूण केली आणि सासूबाईंकडे बघितलं. आता तरी 'राहू' म्हणतील.

सासूबाई म्हणाल्या, "चांगलं शे. पन मी पाणी पेवाले उठनू, तं माले चोर समजशी का?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. उस्ताद खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मावशी, माझ्याकडे इतकी माणसं येतात, हा प्रश्न कोणी विचारत नाही. सगळे विचारतात, लागेल का? न लागायला हवं तेव्हा काय, ते तुम्ही विचारलंत."

मग त्यांनी एक खेळ काढला. पिस्तूल रिकामं केलं, स्वतः दोनदा बघितलं, मला बघायला लावलं, मला लक्ष्याकडे तोंड करून उभं केलं. सासूबाईंना माझ्या मागे, रेषेबाहेर खुर्ची दिली. "तुम्ही हाक द्यायची. 'चोर' म्हटलं की ही चाप ओढेल. 'सासू' म्हटलं की बोट बाहेर."

"चोर!" टक.

"चोर!" टक.

"सासू!" बोट बाहेर.

"चोर!" टक. "चोर!" टक. "सासू!"

टक.

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, "मरनू वं माय!"

आप्पा आणि नवरा पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. सासूबाईंनी भाकरीचं फडकं उचललं आणि शांतपणे बांधायला घेतलं. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. हा तर निकाल होता. डोळ्यांसमोर शेडनेट आलं, खांब उपटून गुंडाळून ठेवलेलं.

"आई, एकदा अजून," मी म्हणाले. "ते मोठं घेऊन बघते."

"वहीत 'नको' लिहिलंयस ना?" नवऱ्याने आठवण करून दिली.

"वही माझी आहे. मी खोडीन."

उस्तादांनी पोलादी रिव्हॉल्व्हर हातात दिलं, पुन्हा सगळी तपासणी करून. त्याचा चाप जड आणि लांबलचक. ओढायला लागलं की चक्री सावकाश फिरते, मागची हातोडी हळूहळू उठते, अगदी शेवटी पडते. रोज रोपांचे ट्रे उचलून माझी बोटं काही नाजूक राहिलेली नाहीत, पण याला जोर लावावाच लागत होता.

सासूबाई यावेळी खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या. आवाज बदलून हाका द्यायला लागल्या, कधी हळू, कधी एकदम जोरात, कधी दोन चोर लागोपाठ, मध्ये मुद्दाम मोठी गॅप. बाई एरवी टीव्हीवरच्या मालिकेतही एवढं लक्ष घालत नाहीत.

"चोर!" टक. "सासू!" बाहेर. "चोर!" टक. "चोर!" मी चाप ओढायला सुरुवात केली, तेवढ्यात, त्याच श्वासात, "सासू!"

हातोडी अर्ध्यावर उठली होती. मी थांबले. बोट अलगद सैल सोडलं, हातोडी न आपटता तशीच हळूच जागेवर गेली, बोट बाहेर आलं. टक झालं नाही.

"परत," सासूबाई म्हणाल्या.

परत झालं. बारा हाका की पंधरा, मी मोजल्या नाहीत. त्यांनी दोनदा माझा भाऊ, एकदा दूधवाला आणि शेवटी स्वतःचा मुलगाही मध्ये आणला. एकदाही टक झालं नाही. दूधवाल्याला तर मी सुरुवातच केली नाही. मग खऱ्या गोळ्या. पिस्तुलाइतका नेम बसला नाही, मधल्या गोलात दोनच, पण सगळ्या कागदावर आणि हात झणझणला नाही. भरलेली गाडी.

उस्ताद म्हणाले, "ताई, घरात हे. आणि त्याच्याही आधी दाराची कडी, पोलिसांना फोन आणि खणखणीत आवाज. कोण आहे, असं विचारायचं. हे शेवटी. हत्यार कुलपात, गोळ्या वेगळ्या. आणि महिन्याला एकदा इथे यायचं, हात विसरतो."

पुढच्या आठवड्यात परवाना घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि लगेच काचेखालचं छोटं, हलकं काढलं. "मॅडमसाठी खास." मी काही बोलायच्या आत आप्पा पुढे झाले. रिकामी आणि भरलेली गाडी त्यांनी त्याला पहिल्यापासून समजावली. हे ज्ञान त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असावं, असाच तो माणूस समजला असणार. मी मधून फक्त एवढंच म्हणाले की परवाना माझ्या नावावर आहे, आणि ते पोलादी दाखवा.

रिव्हॉल्व्हर आता भिंतीत बसवलेल्या पेटीत असतं, किल्ली माझ्याकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी रेंजवर जाते आणि सासूबाई सोबत येतात. उस्ताद इतर शिकणाऱ्यांसाठीही त्यांना हाका द्यायला बसवतात. परवा एका मिशीवाल्या धिप्पाड गृहस्थाने 'सासू'च्या हाकेला चाप ओढून त्यांना तीनदा मारलं. "याले परवाना कोणी दिधा?" असं त्यांनी भर रेंजवर विचारलं.

पण मळ्यावर राहायचं की गावात जायचं, हे त्या पहिल्या दिवशी परतीच्या वाटेवर त्यांनी सांगितलं नव्हतं. रिव्हॉल्व्हर घेऊन आलो त्या दिवशीही नाही. दिवाळी आठवड्यावर आली, मी फॉगरची टोकं साफ करत बसले होते, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. सासूबाई पडवीत नवऱ्याला फराळाचं सामान सांगत होत्या. रवा, डाळ्या, तेल. यादी संपली तसं त्याच आवाजात पुढे म्हणाल्या,

"आनि गावना घरले भाडेकरू देखी ठेव. मानसे चांगला पाहिजेत. तुन्हा बापले सांग, आते अठेच झोपाले ये."