अंगाला लावून घेतलेलं माप

आम्ही सोनाळा सोडलं त्या सकाळी निरोप द्यायला गल्लीतलं कोणीच नव्हतं. दिवाळी नुकतीच झाली होती, कापसाची वेचणी भरात होती आणि माणसं दिवस उजाडताच वावरात गेली होती. स्टँडवर फक्त आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. वेचणीचं फडकं कमरेला बांधूनच आल्या होत्या. मुक्ता तेव्हा दीड वर्षाची. तिला माझ्याकडे खिडकीतून देत म्हणाल्या, "लेकराले वारा लागू देऊ नको." मग ह्यांच्याकडे बघून, "गजा, पोहोचला का फोन कर." गाडी हलायच्या आधीच त्या मागे वळल्या. मला ते तेव्हा लागलं. पण वावरात बाया खोळंबल्या होत्या, आणि उन्हं चढायच्या आत वेचलेलाच कापूस चांगला, हे मला माहीत होतं.

मी मूळची देऊळगाव राजाची. जिल्हा एकच, पण तिथून सोनाळ्याला सून म्हणून आले तेव्हा परक्या मुलखात आल्यासारखं वाटलं होतं. आमची बोली जालन्याकडे झुकलेली. इथे "मला" म्हटलं की जावा हसायच्या, कारण इथे "मले". इथल्या बाया "मी जाते" म्हणत नाहीत, "मी जातो" म्हणतात. तेव्हा माझं पहिलं स्थलांतर ते. पुण्याचं दुसरं. पहिल्याला कोणी स्थलांतर म्हणत नाही, एवढंच.

माहेरहून मी लोकरीच्या सुया आणल्या होत्या. आमच्या आईला विणकाम येत असे. शेजारीपाजारी मूल झालं की टोपडं आणि पायमोजे तिच्याकडूनच जात. तिने मला सुलट-उलट शिकवलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "विकत आणलेलं कोणीही देतं. हाताने केलेलं द्यावं, म्हणजे घेणाऱ्याला कळतं, आपली आठवण काढत कोणीतरी बसलं होतं." सासरी मात्र ही गोष्ट चालली नाही. मी दुपारी सुया काढल्या की आत्याबाई म्हणायच्या, "बसली काड्या घेऊन! हिले काही काम नाही वाट्टे." त्यांचा राग मला आता समजतो. ज्या घरात पेरणीपासून वेचणीपर्यंत कोणाची पाठ जमिनीला टेकत नाही, तिथे बसून करायचं कुठलंही काम हे रिकामपणच.

बीटी कपाशीची सुरुवातीची वर्षं मी बघितली नाहीत, ऐकली. झाड बोंडांनी लगडायचं, फवारणी जवळपास बंद झाली होती, घरापुढची खोली त्याच वर्षांत बांधली, असं ह्यांच्या तोंडून ऐकलं. मी आले तेव्हा ते ओसरत होतं. बोंड वरून हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत गुलाबी अळी. मग पुन्हा फवारे, पहिल्यापेक्षा जास्त.

आम्ही गाव सोडलं त्या वर्षी भादव्यात दुपारी हे फवारून घरी आले आणि ओट्यावर बसले ते उठेचनात. तोंडातून लाळ, डोळ्यांना सगळं धुरकट दिसत होतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "आई, पाणी दे." मी त्यांना आई वाटले, ह्याचीच मला भीती वाटली. गल्लीतल्या एकाच्या जीपमधून अकोल्याला नेलं. मुक्ताला जावेकडे ठेवलं.

दवाखान्यात मला आणि आत्याबाईंना आत सोडत नव्हते. बाकड्यावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. माझ्या पिशवीत मुक्तासाठी घेतलेला मोजा अर्धवट होता. मी तो काढला आणि विणायला लागले. आत्याबाई आता काहीतरी बोलणार, असं वाटलं. त्या बराच वेळ सुयांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काय करून राह्यली?"

"मोजा आहे. टाच वळवते."

"मले दाखव बरं."

मी त्यांच्या हातात सुया दिल्या. निंदण-खुरपणाने त्यांच्या बोटांची टोकं चिरली होती आणि लोकर त्या चिरांमध्ये अडकत होती. एक टाका घ्यायचा, अडकलेला धागा सोडवायचा, पुन्हा पुढचा. एकदाही त्या कंटाळल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की पेशंट आता धोक्याबाहेर आहे, तेव्हा आत्याबाईंच्या सुयांवर हातभर वेडीवाकडी पट्टी झाली होती. ती कशाचीच नव्हती. त्यांनी ती गुंडाळून पदराआड ठेवली आणि मग रडल्या.

डॉक्टरांनी फवारणीला कायमचं नाही सांगितलं. पण कपाशी लावायची आणि फवारायचं नाही, हे घडणार कसं? ह्यांचा मावसभाऊ चाकणला गोदामात होता. त्याने जागा असल्याचं कळवलं. हे जायला तयार नव्हते. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "तू जाय पुण्याले. वावर काही पळून जात नाही. तू गेला तर कुठून आणू?" धाकटे दीर आणि जाऊ तिथेच राहिले. तेव्हा आम्ही निघालो ते असे. मागे राहिलेल्यांना वाटतं आम्ही चांगल्या दिवसांसाठी गेलो. जे गेले त्यांना ठाऊक आहे की चांगले दिवस हा विषयच नव्हता.

पुण्यात मी एका शाळेच्या बसवर ताई म्हणून लागले. लहान मुलांना चढवायचं, उतरवायचं, कोणाचा डबा राहिला, कोणाला उलटी झाली ते बघायचं. सकाळची फेरी झाली की बस शाळेमागच्या मैदानात उभी असायची, ड्रायव्हरकाका खाली झाडाखाली आडवे व्हायचे आणि ती रिकामी बस माझी. पुढे धाकटा ओम झाला, मुक्ताची शाळा, क्लास, ह्यांच्या बदलत्या शिफ्ट, पाण्याची वेळ, सोसायटीचा ग्रुप. पण ती रिकामी बस मी सोडली नाही. सोसायटीतल्या बायका विचारतात, "तुला वेळ कसा मिळतो गं?" वेळ मिळत नाही. सांडलेला असतो, तो वेचते. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये दोन ओळी होतात. पालकसभेत बाहीचा काठ होतो. एकदा एका बाळाच्या झबल्याला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या, कारण मध्ये ओमचा ताप होता आणि मी कुठे थांबले होते ते विसरले. एकदा डाळ करपली. रविवारी हे क्रिकेट बघत बसले की मी त्यांच्या दोन्ही हातांवर लोकरीची लड चढवते आणि गुंडा करते. विकेट पडली तरी त्यांना टाळी वाजवता येत नाही.

बारशाला, वाढदिवसाला, शिक्षकदिनाला आमच्या घरून हाताने केलेलंच जातं. पहिल्यांदा मुक्ताला त्याची लाज वाटायची. दुसरीत असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने माझी विणलेली टोपी नेलीच नाही, दप्तरात तळाशी दडवली. पुढच्या वर्षी त्याच मैत्रिणीने माझ्या हातचं विणलेलं घुबड मागितलं, तेव्हा मुक्ताने स्वतःहून रंग सांगितले.

तिकडे आत्याबाई शिकत होत्या. फोनवर विचारायच्या, "गळ्याचे टाके कसे कमी करू?" मी कणीक मळत सांगायचे. दर हिवाळ्याच्या तोंडाला गावाकडून कोणी येणारं असलं की पिशवी यायची: तुरीची डाळ, ठेचा आणि मुक्तासाठी स्वेटर. पहिल्याचा गळा इतका अरुंद की डोकंच जाईना. दुसऱ्याची एक बाही लांब. चौथा-पाचवा मात्र दुकानात ठेवावा असा. जाऊ सांगायची, गल्लीत कोणाला मूल झालं की बाया आता आत्याबाईंकडे येतात. वेचणी संपल्यावर आधी त्या हातांना तेल लावून बसतात, चिरा भरेपर्यंत थांबतात, मगच लोकरीला हात लावतात.

मग दोन-अडीच वर्षं आमचं जाणं झालं नाही. तसं मोठं कारण नव्हतं. कधी ह्यांना सुट्टी नाही, कधी मुलांचे क्लास, कधी तिकिटं नाहीत. हे एकटे एकदा जाऊन आले. बांधावर उभे राहिले, दिरांशी बोलले आणि आले. काय बोलले ते विचारलं तर म्हणाले, "काही नाही. थोडी सोयाबीन टाकली म्हणे. कपाशी सोडवत नाही."

गेल्या हिवाळ्यात स्वेटर आला. मोरपंखी रंगाचा, छातीवर वेणीचा नमुना. तो नमुना मी त्यांना शिकवला नव्हता. मुक्ताने घडी उलगडून तो छातीशी धरला. तो आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा होता. मुक्ता सहावीत आहे, माझ्या खांद्याला लागते. आत्याबाईंनी जी मुलगी शेवटची बघितली होती, तिच्यासाठी तो विणला होता.

तेवढ्यात त्यांचा फोन आला. "बसला काय वं?"

मी हो म्हणणार होते. मुक्ताने फोन घेतला. "आजी, खूप सुंदर आहे. पण माझा हातसुद्धा जात नाही गं त्यात."

मग, "इतकी मोठी झाली तू?"

"हो."

"मले काऊन नाही सांगतलं कोणी?"

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. आत्याबाईच पुढे म्हणाल्या, "अशा मापानं नाही जमत. तू ये. अंगाले लावून पाह्यतो."

मे महिन्यात मी, मुक्ता आणि ओम गेलो. ह्यांना सुट्टी मिळाली नाही. मे महिन्यात सोनाळ्यात कोणी लोकरीला शिवत नाही, कुलरसमोर बसलं तरी घाम येतो. पण वाळल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, पेरणीला अवकाश होता, आणि आत्याबाईंचे हात वर्षातून तेव्हाच मोकळे असतात. जावेने मला तांब्याऐवजी काचेच्या ग्लासातून पाणी दिलं, ट्रेमध्ये ठेवून. बशीत बिस्किटं. मी ती पाहुण्यांसारखी खाल्ली. उठून चुलीकडे गेले तर म्हणाली, "बसा ना ताई, दमून आल्या." दहा वर्षांपूर्वी त्याच चुलीपुढे आम्ही दोघी भाकरी थापत होतो.

आत्याबाईंनी मुक्ताला पाठमोरी उभी केली. आधी नुसता हात ठेवला पाठीवर. मग वितीने मोजलं, खांद्यापासून कमरेपर्यंत, पुन्हा एकदा, जणू आधीच्या मोजणीवर विश्वास नव्हता. मुक्ताला गुदगुल्या होत होत्या.

"हालू नको बे."

"आजी, मी मुलगी आहे, बे काय म्हणतेस!"

"बरं बाई, हालू नको."

मग त्यांनी तो मोरपंखी स्वेटर घेतला, खालची गाठ सोडली आणि उसवायला लागल्या. मुक्ता ओरडलीच, "अगं, वेणी!" आत्याबाई म्हणाल्या, "वेणी काय, पुन्हा घालू. डोक्याची नाही घालत रोज?" मुक्ताने हात पुढे केले, त्यावर लड चढत गेली. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते. ती धुतली, दोरीवर टाकली. तेवढी लोकर आता पुरणार नव्हती, म्हणून मी पुण्याहून आणलेली राखाडी मधे पट्टा म्हणून घालायची ठरली. दुपारभर आजी-नात कुलरसमोर बसायच्या. मुक्ताही स्वेटरची पाठ विणायला शिकली. ओम तीन दिवसांत गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळताना "मले बॅटिंग दे" म्हणायला लागला. पुण्यात माझ्या तोंडून "मले" निसटलं की ह्याच मुलाने मला शाळेच्या गेटवर गप्प केलं होतं.

माझी सुट्टी संपली. शाळेचा समर कॅम्प होता, बस सुरू होणार होत्या. बाह्या अजून व्हायच्या होत्या. बॅग भरताना मुक्ता म्हणाली, "मी थांबते. झाला की येते. बाबा न्यायला येतील."

पुण्याला आल्यापासून ती माझ्याशिवाय कधी राहिली नव्हती. मी ऊन, पाणी, डास असं काही काही बोलायला लागले. आत्याबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुही पोरगी मी खाऊन नाही टाकत. तुह्या नवऱ्याले याच घरात वाढोलं." आणि जरा थांबून, हळू, "राहू दे. तू मले दवाखान्यात शिकोलं ते मी कोणाले तरी शिकवतो आता."

मी ओमला घेऊन निघाले. शेगावला गाडीत बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रडत नाहीये. काळजी होती, पण ती मुलीला लांब ठेवून आल्याची नव्हती. लांब तर मीच चालले होते.

पुण्याला सकाळी पोहोचलो. लिफ्टमधून बाहेर आले, कुलूप काढायला किल्ली शोधत होते. समोरच्या काकू दूध घ्यायला दारात आल्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "आलात? आणि मुक्ता कुठे?"

"ती घरी आहे," मी म्हणाले.

काकूंनी आमच्या बंद दाराकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या किल्लीकडे. मी वाक्य दुरुस्त केलं नाही. कुलूप काढलं आणि ओमला घेऊन आत आले.