भरवायला मनाई

चमचा तिनं माझ्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही. दोन बोटांनी हळूच घेतला, लेकराच्या हातातून कात्री घ्यावी तसा.

"आडनाव काय म्हणालीस तुझं?"

मी परत सांगितलं.

मग वाटीही घेतली. वाटीत मुगाची खिचडी होती, मीच घोटून मऊ केलेली. खाटेवर आजी बसलेल्या, पाठीला दोन उशा. एक घास गेला होता. दुसऱ्यासाठी त्यांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.

"तू आईचं खालचं सगळं बघ," आजींची मुलगी म्हणाली. "भरवायला दुसरी कुणी असेल ना? तिला पाठव."

मी म्हटलं, "बरं, ताई."

आज हे सांगताना मला तिच्या बोलण्यापेक्षा ह्या दोन शब्दांची जास्त लाज वाटते.

नोकरीचा तो माझा तिसरा दिवस. हर्सूलच्या पुढं, म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं ते नर्सिंग होम. मी चितेगावच्या बाजूच्या एका खेड्यातली. रोज दोन गाड्या बदलून यायची. आई चितेगावातल्याच एका कंपनीत पॅकिंगला जाते, कंत्राटावर. तिनं मला नर्सिंगला घातलं. तीन वर्षं मी शिकले, पास झाले, रजिस्ट्रेशन झालं. पहिल्या दिवशी पांढरा कोट आईनं स्वतः इस्त्री केला होता आणि दारात उभी राहून मी वळणावर जाईपर्यंत बघत होती.

आजींना अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. नुसतं "हं" म्हणायच्या. त्यांची मुलगी शहरात कॉलेजात शिकवायची. दर दोन दिवसांनी यायची, फळं आणायची, आईचे केस विंचरायची. वाईट बाई वाटायची नाही. आवाज कधी चढवायची नाही. म्हणून तर मला पहिल्यांदा कळलंच नाही की माझ्यासोबत काय झालं.

मी इन्चार्ज मॅडमकडे गेले. मॅडम फोनवर होत्या. फोन झाल्यावर म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नको. पेशंटच्या घरचे म्हणतील तसं करायचं. नवी आहेस, शिकशील."

दुसऱ्या दिवशी ड्युटीचा तक्ता बदलला होता. माझ्या नावापुढं आंघोळ, डायपर, जखमा. वैशालीच्या नावापुढं जेवण, गोळ्या, इंजेक्शन. वैशाली आणि मी एकाच दिवशी लागलेल्या. शिक्षण एकच. आणि हे नुसतं आजींसाठी नव्हतं, वरच्या अख्ख्या मजल्यासाठी होतं.

मी विचारलं, "मॅडम, सगळ्यांसाठीच?"

"एका पेशंटला एक नियम, दुसऱ्याला दुसरा, बरं दिसत नाही ना."

बरं दिसत नाही.

राग आला का? नाय आला. खरं सांगते. दात काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला राहत नाही, हात लावला तरी दुसऱ्याचा वाटतो. मला तसं झालं होतं, सगळ्या अंगाला. मी यायची, कोट घालायची, सकाळपासून घाण काढायची. घाणीचं मला काही वाटत नाही. ते नर्सचं कामच आहे. आजींच्या पाठीवर जखम झाली होती, बोट जाईल एवढी. मी रोज धुऊन बांधायची, दोन दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायची. दोन महिन्यांत ती जखम भरत आली. डॉक्टर म्हणाले, "छान." वैशालीला म्हणाले. ती गोळ्या घेऊन बाजूला उभी होती. मी पट्टी बांधत राहिले.

दुपारी डबा मी चादरींच्या खोलीत खायची. तिथं फरशी पुसणारी मुमताज खाला असायची. मला कुणी तिथं बस म्हटलं नव्हतं. मी आपोआपच जाऊन बसले होते. एकदा खालाला सगळं सांगितलं. तिनं भाकरी मोडून माझ्या डब्यात टाकली आणि म्हणाली, "दिल पे मत ले बेटा. मेरेकू इत्ते बरस में पीने का पानी लाव कोई नै बोला."

आम्ही दोघी हसलो. का हसलो, माहीत नाही.

एका रविवारी घरी बहीण आली होती, तिची दोन वर्षांची पोरगी घेऊन. मी पोरीला वरणभात भरवायला बसले. घास कालवला, तिच्या तोंडाजवळ नेला, आणि हात थांबला. पुढं जाईना. पोरगी आ करून बसलेली.

आई म्हणाली, "काय झालं गं? भरव की."

मी म्हटलं, "हात धुऊन येते."

हात मी दोनदा धुतले होते. मोरीत जाऊन तिसऱ्यांदा धुतले. साबण लावला, कोपरापर्यंत घासला. मग नळ बंद केला आणि तिथंच उभी राहिले. कामावरच्या त्या लोकांनी काहीतरी शिकवलं होतं आणि मी ते शिकले होते. माझ्याच घरात. माझ्याच रक्ताच्या लेकराला भरवताना. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. पण सोमवारी मी परत कामावर गेले. आणि परत "बरं, मॅडम" म्हणाले.

मग आजींचा वाढदिवस आला. मुलगी दुपारी शेवयांची खीर घेऊन आली. मी आजींची चादर बदलून घेतली होती, खाला फरशी पुसत होती. वैशाली खाली होती. आजी आडव्याच होत्या. मुलीनं डबा उघडला आणि चमचा भरला.

अशा माणसाचा गळा नीट चालत नाही. त्याला बसवायचं, मान थोडी पुढं झुकवायची, दाट अन्न थोडं थोडं द्यायचं. पातळ दिलं, तेही आडवं ठेवून, की ते श्वासाच्या नळीत जातं. हे मला पहिल्या वर्षी शिकवलेलं.

मी म्हटलं, "ताई, आधी उठवून बसवू या. पातळ नका देऊ."

तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "तुझं झालं ना? मग जा. मधे बोलू नको."

मी दोन पावलं मागं सरले. सरले, हे लपवणार नाही. तीन चमचे गेले. चौथ्याला आजी खोकल्या, मग खोकलाही बंद झाला. डोळे मोठे झाले. ओठ निळे पडायला लागले. मुलगी "आई, आई" करत उभी राहिली आणि डबा खाली पडला.

तेव्हा मला कुणी तुझं काम कोणतं, दुसरीचं कोणतं, असं विचारलं नाही. मी आजींना कुशीवर घेतलं, तोंडात बोट घालून शेवया काढल्या, पाठीवर थोपटलं, खालाला ओरडले, "सक्शन मशीन आण!" घशात नळी घालून अडकलेलं ओढून काढलं. श्वास आला. घरघरत आला, पण आला. गाडी बोलावली. मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीत कफ झाला, न्यूमोनिया. दहा-बारा दिवस आयसीयूत होत्या.

त्यांना नेल्यावर दोन दिवसांनी मला नर्सिंग होमच्या ऑफिसात बोलावलं. इन्चार्ज मॅडम होत्या, आजींची मुलगी होती, आणि पुण्याहून आलेला तिचा मोठा भाऊ. भाऊ चिडलेला होता. कुणी भरवलं, एवढंच त्याला पाहिजे होतं. मुलगी भिंतीकडे बघत होती.

मॅडमनी एक कागद माझ्यासमोर सरकवला. टाईप केलेला. मी वाचला. दिनांक अमुक रोजी पेशंटला खीर भरवताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, याबद्दल मी दिलगीर आहे.

खाली माझं नाव, सहीसाठी जागा.

मी मॅडमकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "सही कर. नोकरी जाणार नाही. मी आहे ना."

जिला भरवू दिलं नाही, तिनंच भरवलं म्हणून लिहून द्यायचं. आणि ते लिहून दिलं की माझं रजिस्ट्रेशन, तीन वर्षं, आईचं कंपनीत उभं राहणं, सगळं त्या कागदाखाली जाणार. मला रडू आलं नाही. डोकं एकदम थंड झालं. सुई उतरल्यावर गाल दुखायला लागतो तसं काहीतरी दुखायला लागलं, आणि ते दुखणं मला बरं वाटलं.

मी म्हटलं, "पेन द्या."

मॅडमनी पेन दिलं. मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. लिहिलं:

'त्या दिवशी दुपारी खीर पेशंटच्या मुलीनं भरवली. पेशंट आडवी होती. बसवा, पातळ देऊ नका, असं मी सांगितलं होतं. मला पेशंटला भरवायला पहिल्या आठवड्यापासून मनाई आहे. माझं आडनाव ऐकून ती मनाई झाली. मग सगळ्याच पेशंटसाठी झाली. ड्युटीचे तक्ते बघावेत.'

खाली सही केली. मोबाईलवर फोटो काढला. मग कागद मॅडमना नाही, भावाच्या हातात दिला.

त्यानं वाचला. बहिणीकडे बघितलं. "तू भरवलीस?"

"हिला काय विचारतोस, ही काहीही..." ती म्हणाली आणि थांबली.

"ह्या म्हणतात ते कुणी बघितलं?" भाऊ म्हणाला.

दारात खाला बादली घेऊन उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "मैं थी साब. उठाके बिठाव बोली थी ये बच्ची. नै सुने."

मॅडम म्हणाल्या, "बाहेर जा दोघी."

गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, आजपासून यायची गरज नाही. खालाला वरून काढून कपडे धुण्याकडे टाकलं. आजी जगल्या. नाकात नळी आहे आता. कुणी भरवत नाही, नळीनंच जातं. त्या बोलत्या असत्या तर माझ्या बाजूनं बोलल्या असत्या का, मला माहीत नाही. त्यांना मी उगाच चांगलं ठरवणार नाही.

आईला सांगितलं. तिनं विचारलं, "सही केली असती तर राहिली असती नोकरी?"

"व्हय."

"मग काय राहिलं असतं?" ती म्हणाली आणि उठून भाकरी थापायला बसली.

मी पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी अर्ज वाचला. "जातीचं नाव घेतलं का कुणी?"

"नाय."

"शिवी दिली?"

"नाय."

"मग झालं काय?"

मी सांगितलं. सगळं, सुरुवातीपासून. त्यांनी लिहून घेतलं नाही. मी म्हटलं, "लिहून घ्या." ते म्हणाले, "सोमवारी या." सोमवारी गेले. तिथले हवालदार म्हणाले, साहेब बाहेर गेलेत. मंगळवारी गेले. मंगळवारी अर्ज घेतला, शिक्का मारलेली प्रत दिली. शिव्या न देता, आवाज न चढवता माणसाला कसं खाली ठेवतात, ते मी त्यात लिहिलंय. तक्ते जोडलेत. त्यांचेही फोटो मी काढून ठेवले होते.

नात्यातले लोक घरी येतात. मिटवून टाक म्हणतात, लग्नाची पोरगी आहेस, ती मोठी माणसं आहेत, तुला कुठं नोकरी मिळणार नाही. एका ठिकाणी खरंच मिळाली नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, आधीची का सोडली? मी म्हटलं, सोडली नाही, काढलं, आणि का काढलं ते ऐकायला वेळ आहे का? त्यांना वेळ नव्हता. तिसऱ्या ठिकाणी जाणार आहे. तिथंही हेच सांगणार आहे.

मी आजारी माणसाला धुवीन, वळवीन, सुई देईन, भरवीन. ह्यातलं कोणतंही एक काम माझ्यापासून काढून घेतलं, तर त्याचं कारण मी लिहून मागेन. लेखी मागेन, त्यांच्या सहीनं. आणि जो सही करणार नाही, त्याच्या दारात मी दुसऱ्या दिवशी परत उभी राहीन.