अंगठ्यावरची खाच

पार्लरमध्ये शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईंच्या अंगठ्याच्या नखावर, अगदी टोकाशी, एक आडवी खाच होती. नखं घासणाऱ्या मुलीने विचारलं, "ताई, पाच-सहा महिन्यांपूर्वी मोठं आजारपण काढलंत का? तेव्हा नख वाढायचं थांबतं, मग अशी खाच पडते."

"मी नाही, आमचे हे आजारी होते," बाई म्हणाल्या. "मी नुसती उशाशी बसून होते. गेले ते."

आता सावरायला हवं, असं त्यांना कितीजणांनी सांगितलं असेल. नख मात्र त्यांना न विचारताच सावरलं होतं.

"कापून टाकू? नख एकसारखं दिसेल."

बाईंनी अंगठा मुठीत घेतला. "बाकीची कर," त्या म्हणाल्या. "एवढं राहू दे."