चाकावरचं वजन
परवा गॅरेजात नव्या रबराचा वास नाकात शिरला आणि आमची जुनी पांढरी छोटी गाडी आठवली. तिची पुढची चाकं खड्ड्यात अशी आदळायची की, "माझी कंबर काय भंगारातली न्हाय," म्हणत आईनं तिच्यात बसणंच सोडलं होतं. शेवटी एका रविवारी वडिलांनी अंगणात गाडी जॅकवर चढवली. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी शॉकअप, रबरी बुश, सगळं बदललं. हात ग्रीसनं काळेकुट्ट, स्वयंपाकघरातून पांढऱ्या रश्श्याचा वास आणि वडील भलतेच खुशीत. शेवटचा बोल्ट त्यांनी करकचून आवळला, तोच शेजारचे निवृत्त फिटर काका भिंतीवरून ओरडले, "अवो, गाडी अधांतरी असताना आवळलासा व्हय? गाडी खाली बसली की रबर पिळवटून चार दिवसांत फाटंल की! चाकावर वजन येऊ द्या, मग आवळा." पुन्हा सगळे बोल्ट सैल केले, चाकं जाड फळ्यांवर उतरवली. वजनासाठी मी स्टिअरिंगवर बसलो, काका मागच्या सीटवर. शेजारची सीट रिकामीच होती, म्हणून वडिलांनी आईला हाक मारली. "म्हंजे मी वजन व्हय?" असं म्हणत ती पदराला हात पुसत आली आणि गाल फुगवून बसली. वडिलांनी खाली सरपटत जाऊन सगळे बोल्ट आवळले. "झालं, उतर आता," ते म्हणाले. आईनं दार ओढून घेतलं आणि मला म्हणाली, "आता बसलीयाच, तर पन्हाळ्याला घे की!" परवा गॅरेजातही माझ्या गाडीचे बुश बदलून मेकॅनिक बोल्ट आवळायला वाकला, तर सोबत आलेली आई कुणी न सांगताच पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "हं, आवळा आता."