गायधनींचे टायर आणि सबॅस्टियनची नजर

सबॅस्टियन तुस्कानोला एखादी वस्तू मनापासून हवी असली की तो आधी तिला नावं ठेवायचा. ही त्याच्या बापाची शिकवण. बाप वसईकडे आगाशीच्या बाजारात केळीचे घड विकायचा आणि त्याला एकाच तऱ्हेच्या गिऱ्हाइकाचा धाक वाटायचा. ते गिऱ्हाईक घड उचलून बघायचं, तोंड वाकडं करायचं आणि घड परत खाली ठेवायचं. "घेणार तर हाच," बाप म्हणायचा, "आणि आपल्या भावात घेणार." सबॅस्टियननं हे लहानपणीच गाठीला बांधलं. पुढे तो कतारमध्ये दोह्याला आला, एका इस्पितळात पेशंटांच्या फायली सांभाळायच्या नोकरीला लागला, आणि फ्रिज, सोफा, जुनी कोरोला असं सगळं त्यानं तोंड वाकडं करूनच मिळवलं. बायको आग्नेसला मागणी घालायला गेला तेव्हाही पन्हं आंबट असल्याचं म्हणाला होता, असं आग्नेसची बहीण अजून सांगते.

त्याच इस्पितळात मशिनं दुरुस्त करणारा मॅकलाउड नावाचा एक स्कॉटिश माणूस होता. त्याची एक कॅरॅव्हॅन होती, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायची, दोन चाकांवरची छोटी खोलीच. ती शहराबाहेर उम्म सलाल मोहम्मद या गावातल्या एका मळ्यात खजुराच्या झाडांच्या कडेला उभी असायची. मॅकलाउड देश सोडून परत निघाला तेव्हा त्यानं ती सबॅस्टियनला दाखवली. पांढरी, पोटावर निळा पट्टा. आत टेबल, ते खाली पाडलं की पलंग. हातभर ओटा, इवलीशी शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. आयुष्यात सबॅस्टियनला कुठलीच वस्तू इतकी आवडली नव्हती, त्यामुळे त्यानं इतकी नावंही कशाला ठेवली नव्हती. छत बुटकं आहे, पडदे विटलेत, आत कुबट वास येतो, हे त्यानं मॅकलाउडला ऐकवलंच, शिवाय दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आपल्या बिल्डिंगभर सांगत सुटला.

मॅकलाउड सरळ माणूस होता. तो म्हणाला, बाकी काही नाही, पण हे टायर बदलल्याशिवाय ही रस्त्यावर काढू नकोस. सबॅस्टियननं वाकून पाहिलं. टायरची नक्षी कोरी करकरीत, जरासुद्धा झिजलेली नाही. मॅकलाउडनं बाजूच्या रबरावर अंगठा दाबला तेव्हा बारीक बारीक भेगा उघडल्या, शिळ्या भाकरीच्या कडेला पडतात तशा. झिजायला ही धावलीच कुठे, तो म्हणाला, वर्षानुवर्षं या उन्हात एका जागी उभी आहे. असे टायर वरून नवे दिसतात आणि भर वेगात फुटतात. सबॅस्टियन आतून खूश झाला, कारण भाव पाडायला आणखी एक कारण सापडलं. "बघतो, पुढच्या आठवड्यात सांगतो, इन्शाल्ला," असं बेफिकिरीनं म्हणून तो घरी आला आणि रात्रभर त्या टेबलाशी बसून चहा पीत राहिला, अर्थात स्वप्नात.

पुढचा आठवडा उजाडायच्या आत कॅरॅव्हॅन गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रताप गायधनींनी घेतली. नाशिकचा माणूस, गॅस कंपनीत इंजिनियर. कॅरॅव्हॅनची माहिती त्याला सबॅस्टियनच्याच तोंडून मिळाली होती. तो गेला, त्यानं पाहिली आणि जागच्या जागी हो म्हणाला. मॅकलाउडला निघायची घाई होती. किल्ली देताना तो एवढंच म्हणाला, की तुस्कानोला सगळं दाखवून ठेवलंय, काही लागलं तर त्याला विचार. प्रतापनं विचारलं नाही. जो माणूस गावभर कॅरॅव्हॅनला नावं ठेवत होता त्याला काय विचारायचं?

त्या हिवाळ्यात सबॅस्टियन जळला. दुसरा शब्द नाही त्याला. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळी बिल्डिंग मळ्यात जायची, गायधनींच्या कॅरॅव्हॅनपुढे सतरंज्या पडायच्या, आणि सबॅस्टियन एका खजुराला टेकून त्या निळ्या पट्ट्याकडे बघत राहायचा. त्याची मुलगी प्रिन्सी आणि प्रतापची चैत्राली आत टेबलाशी पत्ते खेळत बसायच्या. एकदा परतताना आग्नेस गाडीत म्हणाली, "गायधनींचं बरं असतं. बघितलं, आवडलं, घेतलं." त्या दिवशी सबॅस्टियनला जेवण गेलं नाही. प्रतापनं गाडी विकत घेतली असती, बंगला घेतला असता, तर सबॅस्टियनचं काही जळलं नसतं. पण ही त्याची होती. त्यानं तिला सगळ्यांहून जास्त नावं ठेवली होती.

प्रतापची बायको शैलजा इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवायची आणि दृष्ट लागण्यावर तिचा गाढ विश्वास होता. चैत्रालीला ताप आला की क्रोसिन देतानाच गेल्या आठवड्यात पोरीच्या केसांचं कौतुक कुणी केलं याचा ती हिशेब लावायची. कॅरॅव्हॅनच्या दाराला तिनं पहिल्याच दिवशी लिंबू-मिरची बांधली आणि मागे काळी बाहुली लटकवली.

टायरांचं सबॅस्टियननं कुणाला सांगितलं नाही. उभीच तर आहे, कुठे पळतेय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. खरी गोष्ट वेगळी होती. त्या अख्ख्या कॅरॅव्हॅनमधलं हे एवढं गुपितच त्याच्या वाट्याला आलं होतं, आणि तेवढं तरी त्याला प्रतापला द्यायचं नव्हतं.

मग नाताळ आला. कॅरॅव्हॅन ओढत मसईदच्या समुद्रावर न्यायची, तिथे दोन दिवस राहायचं, असं प्रतापनं जाहीर केलं आणि बिल्डिंगमध्ये एकच उत्साह पसरला. सबॅस्टियनच्या डोळ्यांपुढे लगेच एक चित्र उभं राहिलं. रस्त्याच्या कडेला कॅरॅव्हॅन एका कुशीवर कललीय, इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रताप कमरेवर हात ठेवून उभा आहे, आणि आपण कोरोलाची काच खाली करून सावकाश शेजारून जातोय. हे चित्र त्याला इतकं आवडलं की फायली लावता लावता तो त्यात भर घालू लागला. कधी प्रताप हात करून मदत मागायचा, कधी आग्नेस म्हणायची, बरं झालं आपण नाही घेतली. त्या चित्रात कधी कुणाला साधं खरचटतही नसे.

निघायच्या दोन दिवस आधी चहाच्या वेळी प्रिन्सी नाचत आली. तिचं म्हणणं असं, की ती आणि चैत्राली जाताना मोटारीत बसणार नाहीत. "वुई आर सिटिंग इन्साइड, डॅडी. ॲट द टेबल. अंकल सेड ओके." प्रताप हळू चालवणार होता आणि पोरींनी हट्ट धरला होता, म्हणून त्यानं हो म्हटलं होतं. सबॅस्टियननं कप खाली ठेवला. ते लाडकं चित्र पुन्हा समोर आलं, पण आता त्या कललेल्या खोलीच्या आत टेबल होतं.

तो तसाच तिसऱ्या मजल्यावर गेला. प्रतापला त्यानं टायरांचं सांगितलं, भेगांचं सांगितलं. प्रताप शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, टायर एक किलोमीटरसुद्धा धावलेले नाहीत, नक्षी कोरी आहे, हवा त्यानं स्वतः भरलीय.

"आधी छत, मग पडदे, आता टायर," तो म्हणाला. "सबॅस्टियन, तुला ती हवी होती, मला माहीत आहे. वाईट वाटून घेऊ नकोस."

"मॅकलाउडनं मला दाखवलं होतं."

"मग इतके दिवस का नाही बोललास?"

याला सबॅस्टियनकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तो जिना उतरून खाली आला. घरी त्यानं प्रिन्सीला फर्मान सोडलं, कॅरॅव्हॅनमध्ये बसायचं नाही. प्रिन्सी रडली. आग्नेस त्याला आत नेऊन म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय ते समदी बिल्डिंग बघते. त्याची शिक्षा पोरीला कशाला?" त्याला राग आला, पण दुखत होतंच. आणि प्रिन्सीला मागे ठेवलं तरी चैत्राली बसणारच होती. ती पोर रोज त्याच्या घरी कोंबडी-पोह्यांचं भुजिंग खायला यायची आणि त्याला सॅब अंकल म्हणायची.

खरं बोलून उपयोग नव्हता. लबाड कोल्ह्यासारखी त्याची गत झाली होती. द्राक्षं आंबट म्हणून इतकी ओरड करून ठेवली होती, की आता ती खरोखर किडकी आहेत हे कोण ऐकणार? त्याच्याजवळ लोकांना पटेल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्याचं जळणं. त्या जळण्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी प्रताप कामावर असताना तो शैलजाकडे गेला. ती लाडू वळत होती. तिनं बसा म्हटलं, पण तो उभाच राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमच्या कॅरॅव्हॅनला माझी नजर लागलीय."

शैलजाचा हात थांबला. मग त्यानं सगळं सांगितलं. ती कॅरॅव्हॅन त्याला किती हवी होती, दर शुक्रवारी तो खजुराला टेकून तिच्याकडे कसा बघायचा, प्रतापभाईंची फजिती झालेली त्यानं किती वेळा मनात रंगवली. सांगताना त्याचे कान तापले. सांगायला आला होता युक्ती म्हणून, पण त्यातला एकही शब्द त्याला बनवावा लागला नाही.

"कुठे लागलीय?" शैलजानं हळूच विचारलं.

"टायरांना. दोन्ही."

"मीठ-मोहरीनं उतरेल?"

सबॅस्टियनची आई चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची आणि घरी आल्यावर पोरांची मीठ-मिरच्यांनी दिष्ट काढायची, त्यामुळे या विषयात तो अगदीच कच्चा नव्हता. "माणसाची उतरते, वहिनी," तो गंभीरपणे म्हणाला. "रबराची नाही उतरत. वस्तूच बदलावी लागते. नवी, दुकानातून, ताजी बनलेली. माझ्या डोळ्यांना न दाखवता बसवा."

शैलजानं लाडवांच्या परातीवर झाकण ठेवलं आणि फोन उचलला. ती प्रतापला काय म्हणाली हे कुणालाच कळलं नाही. पण त्या संध्याकाळी आंबट चेहऱ्याचा प्रताप सलवा रोडच्या एका दुकानातून दोन नवे टायर घेऊन मळ्याकडे गेला. परत आल्यावर त्यानं जुने टायर सबॅस्टियनच्या दाराशी आणून टाकले. "तुझी नजर आहे ना यांच्यावर," तो म्हणाला, "ठेव तूच."

शुक्रवारी कॅरॅव्हॅन समुद्रावर पोचली. वाटेत काहीही घडलं नाही. पोरी आत टेबलाशी बसून गेल्या, मागे कोरोलात सबॅस्टियनला खिडकीतून प्रिन्सीची वेणी दिसत होती, आणि तो सगळा रस्ता त्या नव्या टायरांकडे बघत होता. पोचल्यावर सगळे म्हणाले, काय सुरेख चालली, लोण्यासारखी. प्रतापची पाठ थोपटली गेली. काही न घडल्याचं श्रेय कुणाला द्यायची आपल्यात पद्धत नाही. ते सबॅस्टियनलाही कुणी दिलं नाही. मात्र शैलजानं चार बायकांना विश्वासात घेतलं होतं. सबॅस्टियनला चहा बाहेरच मिळाला, तोही हसून मिळाला, पण तो पुढे आला की चिवड्याच्या डब्याला झाकण लागायचं. एका आईनं आपल्या तान्ह्याचं तोंड पदराखाली घेतलं. आणि कॅरॅव्हॅन उन्हात उभी होती, आता तर टायरही चांगले असलेली. सबॅस्टियन आधी जळत होता त्याहून जास्त जळला.

जुने टायर त्यानं गच्चीवर नेऊन टाकले. एकात आग्नेसनं माती भरून कढीपत्ता लावला. दुसरा भिंतीशी आडवा पडून राहिला. ऐन उन्हाळ्यात एका संध्याकाळी प्रिन्सी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला वर गेली आणि सहज त्या टायरवर चढून उभी राहिली. टायर कडेनं टर्रकन फाटला. आतले धागे सुकलेल्या सुंभासारखे बाहेर आले. त्यात हवा नव्हती, त्याच्यावर ओझं नव्हतं, एका शाळकरी पोरीच्या वजनानं तो उघडला होता.

प्रिन्सीची हाक ऐकून सबॅस्टियन वर आला. त्यानं ती फाट बघितली, बोटानं चाचपली, आणि त्याला इतका आनंद झाला की त्यानं तो टायर गळ्यात अडकवला आणि धावत तिसरा मजला गाठला. दार प्रतापनं उघडलं. टायर हातात घेऊन त्यानं फिरवून पाहिला, अंगठ्यानं रबर दाबलं, आणि त्याचा चेहरा उतरला. शेवटी इंजिनियर होता, त्याला कळलं. तो बोलायला तोंड उघडतोय तेवढ्यात शैलजा मागून आली. तिनं टायर बघितला आणि दोन पावलं मागे सरली.

"गाडीवरून काढला, गच्चीवर टाकला, तरी फुटला," ती पुटपुटली. "केवढी ती नजर. वेळेवर बोललात, भाऊजी, तुमचे उपकार आहेत."

सबॅस्टियननं प्रतापकडे बघितलं. प्रतापनं एकदा टायरकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग त्यानं टायर दाराला टेकवून ठेवला आणि खाली बघत विचारलं, चहा घेणार का? सबॅस्टियन नको म्हणाला. टायर उचलून तो जिना उतरू लागला.

खालच्या वळणावर प्रिन्सी पायरीवर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती घरात कधी मराठी बोलायची नाही, पण आता थांबून, शब्द जुळवत तिनं विचारलं, "डॅडी, तू खरंच जळत होतास?"

"होतो," सबॅस्टियन म्हणाला. "अजून जळतो." टायर खाली ठेवून तो तिच्या शेजारी बसला. "पण त्या टेबलाशी तू बसणार होतीस."