उठवणी मावशी

आमच्या किल्ल्याची सगळी भिस्त अस्वलतोंड्या वीरांवर होती. एकेकाचा पंजा दाराएवढा. अडचण एकच, थंडी पडली की ही फौज तळघरात जाऊन घोरत पडायची. वेळ आलीच तर त्यांना उठवायचं काम शेळीतोंड्या मावशीकडे होतं. पण तशी वेळ कधी आलीच नव्हती, म्हणून थोरली जाऊ तिला उठताबसता फुकटखाऊ म्हणायची.

त्या हिवाळ्यात मात्र प्रेतं खाणारे लांडगे वेशीवर येऊन धडकले. मावशीने नगारा बडवला, गार पाणी ओतलं, सेनापतीच्या मिशा ओढल्या. त्याने फक्त कूस बदलली. शेवटी ती त्याच्या पोटाला टेकून बसली आणि रडवेल्या आवाजात पुटपुटली, "आता जाऊबाईंच्या हातात आयतंच कोलीत मिळणार! काल तर सगळ्यांदेखत मला म्हणाल्या..."

"काय म्हणाल्या?" सेनापतीने एक डोळा उघडला.

आजूबाजूचे वीरही कान टवकारून उठून बसले.

मावशी काय ते समजली. "आधी लांडगे हाकला, मग सांगते."

लांडग्यांची पार दाणादाण उडाली. जेवणवेळेच्या आत सगळे वीर परतले आणि रक्ताळलेले पंजे न धुताच तिच्याभोवती मांडी घालून बसले. मावशीने होतं नव्हतं ते सांगितलं, वर थोडं तिखटमीठही लावलं. तरी सेनापतीचं आपलं एकच, "पुढे? पुढचं कळल्याशिवाय झोप यायची नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी आपण होऊन जावेच्या दारात उभी राहिली. "जाऊबाई, परवाचं आपलं भांडण अर्धवट राहिलंय."